देवरामभाऊ आणि त्यांचा ‘आडवा’

देवरामभाऊंनी मला विचारलेला पहिला इंग्रजी शब्द होता ‘ॲड्व्हर्सरी’. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले, शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, पेन्सिलीनं खूण केलेल्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ताई, ह्याला मराठीत काय म्हनायचं?”

चाकणच्या आमच्या कंपनीत मी कागदपत्रं सांभाळायचे. मशीनबरोबर आलेली इंग्रजी माहितीपत्रकं मराठीत करून शॉपवर, मशीनशेजारी लावायची, हेही माझंच काम. त्यामुळे कुणी विम्याचा कागद घेऊन यायचा, कुणी मुलाच्या शाळेचा. देवरामभाऊंचा कागदही तसलाच असेल असं मला वाटलं.

“विरोधक,” मी म्हटलं.

ते म्हणाले, “विरोधक म्हंजे इलेक्शनमधला वाटतो. आडवा येनारा म्हनलं तर?”

“चालेल की.”

“मग नुसतं आडवा.” त्यांनी शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘आडवा’ लिहिलं, घडी घातली आणि गेले. तो कागद सैतानाला मानणाऱ्या एका परदेशी पंथाचा होता, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर मी त्यांना तीसेक शब्द सांगून बसले होते.

देवराम डोंगरे कुरुळीचे. घराणं शेतकऱ्याचं, शेत निम्मं रस्त्यात आणि निम्मं एका गोदामाखाली गेलेलं. आयटीआय करून ते कंपनीत लागले आणि पंचवीस वर्षं एकाच खोलीत राहिले. ती खोली म्हणजे गेज रूम. शॉपवर ज्या मापांनी, म्हणजे गेजांनी, पार्ट तपासतात, ती मापंच बरोबर आहेत का, हे तिथं तपासलं जायचं. बाहेर एप्रिलचा भाजणारा पत्रा आणि आत बारा महिने वीस डिग्री. दाराबाहेर चपला काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही. नवीन आलेले कामगार त्या खोलीला देवघर म्हणायचे. भाऊंना ते आवडायचं नाही. “देवघरात मोजत न्हाईत,” ते म्हणायचे.

अंगानं किरकोळ, केस तेल लावून मागे वळवलेले, स्वेटर बारमाही. कुणी काही विचारलं की लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी हात पुसायचे. चहाला येणार का, एवढं विचारलं तरी आधी हात पुसायचे.

एकदा महिनाअखेरीला गाड्या भरायला उभ्या होत्या आणि भाऊंनी एक गेज नापास केलं. झिजलंय म्हणाले, दोन मायक्रॉन. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पट कमी. प्रॉडक्शनचे साहेब स्वतः खाली आले. आधी समजावलं, मग आवाज चढवला. भाऊंनी हात पुसले आणि म्हणाले, “साहेब, मी सही केली तर गेज सुधरंल का?” गाड्या त्या दिवशी गेल्या नाहीत. त्या वर्षीची भाऊंची बढतीही गेली. त्यांनी कधी विषय काढला नाही.

असा माणूस सैतानाकडे कसा गेला, हे मला त्यांनीच सांगितलं. कँटीनच्या कोपऱ्यात, ताटातला भात कालवता कालवता, एखाद्या मशीनचा बिघाड सांगावा तसं.

त्यांची बायको सुनंदा. तिला फिट यायच्या. चिंचवडच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि गोळ्या चालू असेपर्यंत फिट जवळजवळ बंद होत्या. पण एकदा लग्नात, भर मांडवात तिला फिट आली आणि भावकीनं ठरवलं, हे बाहेरचं आहे. गावाबाहेर एका महाराजांचा मठ होता. दर गुरुवारी तिथं गर्दी असायची. महाराजांनी सुनंदाबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, बाधा आहे, एक्केचाळीस दिवस अंगारा लावा, तोवर गोळी पोटात जाता कामा नये.

“गोळ्या मी बंद केल्या,” भाऊ म्हणाले. “ती घ्यायची म्हनत व्हती. मी कपाटात ठिवल्या, किल्ली खिशात. महाराजानं सांगितलं हे खरं. आईनं, भावानं जोर लावला हेबी खरं. पन बंद मी केल्या, ताई. हे असंच लिवलं पायजे.”

एकोणिसाव्या दिवशी सुनंदाबाईंना फिट आली ती थांबलीच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या. महाराज म्हणाले, बाधा जबर होती, तुम्ही उशिरा आलात.

त्यानंतर भाऊंनी देव सोडले. आईच्या देव्हाऱ्याला हात लावला नाही, फक्त त्याच्यासमोर उभं राहणं बंद केलं. खंडेनवमीला कंपनीत सगळ्या मशीनना हळदकुंकू लागलं, तेव्हा गेज रूमच्या दारात ते ताट घेऊन येणाऱ्याला म्हणाले, “हितं नको. कुंकवाचा कन गेजात जातो.” कारण खरंच होतं, म्हणून कुणाला काही बोलता आलं नाही.

चिंचवडला विवेकवाद्यांचं एक व्याख्यान होतं, तिथंही ते जाऊन आले होते. मी विचारलं, मग त्यांच्याबरोबर का नाही राहिलात?

“चांगली मानसं हायेत. पन ते म्हनाले देव न्हाईच. मग मी भांडू कुनाशी?”

भांडायला जागा शोधत असताना, फोनवर एकातून दुसरं बघता बघता, त्यांना तो पंथ सापडला. भाऊ त्याला ‘मंडळ’ म्हणायचे. गावात गणपतीचं मंडळ असतं, भजनी मंडळ असतं, तसं हे. कुणी विचारलं तर सांगायलाही बरं. मंडळाचं काम आहे म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही.

मंडळाचा उगम भाऊंनी मला इतक्या वेळा सांगितला की तो माझ्याच घरातला असल्यासारखा मला पाठ आहे. समुद्राकाठचा एक थंड देश. तिथं जहाजाच्या कारखान्यात एक वायरमन होता. त्याचं तान्हं मूल बाप्तिस्म्याआधी वारलं. धर्मगुरूनं सांगितलं, संस्कार झालेला नाही, आमच्या जमिनीत याला जागा नाही. वायरमननं कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर स्वतः खड्डा खणला आणि पोराला पुरलं. मग तो, एक नर्स आणि एक शाळामास्तर, असे तिघं एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या तळघरात जमायला लागले. पूजा वगैरे काही नव्हती, नुसतं जुन्या पोथ्यांचं वाचन. त्यात त्यांना सापडलं की सैतान हे आधी कुणाचं नाव नव्हतंच. मूळ भाषेत त्याचा अर्थ आडवा येणारा. देवाच्या दरबारात उभा राहून देवाला उलट विचारणारा तो एक चाकर होता. शिंगं आणि शेपूट लोकांनी मागून लावली. गावातल्या पेपरानं या तिघांना सैतानाचे भक्त म्हटलं. वायरमन म्हणाला, म्हणू देत, नाव चांगलं आहे. तिथून मंडळ सुरू झालं.

पुढं मंडळ फुटलं. एक गट म्हणाला, सैतान म्हणजे माणसाच्या मनातला नकार, बाकी काही नाही. दुसरा म्हणाला, तो खरोखर आहे. भाऊ या दुसऱ्या गटात गेले.

“आहे, म्हणजे काय करतो तो?” मी विचारलं.

“काय करत न्हाई. ऐकतो. मदत करत न्हाई, शिक्षाबी करत न्हाई. आडवा उभा ऱ्हातो, बास.”

“मग त्याचा उपयोग काय?”

“उपेग कशाला पायजे, ताई? उपेगाच्या मागं लागूनच तर सुनंदा गेली.”

त्यांची तत्त्वं मी त्यांना मराठीत लिहून दिली होती. काही मागायचं नाही. कुणापुढं वाकायचं नाही, आडव्यापुढंही नाही. आपल्या हातानं झालेलं दुसऱ्याच्या नावावर टाकायचं नाही. जनावराचा, पोराचा, दुबळ्याचा जीव दुखवायचा नाही. मेल्यावर काही नाही, म्हणून मेलेल्याबद्दल कुणाची खोटी समजूत काढायची नाही. भाऊंनी तो कागद वाचला आणि म्हणाले, “आमच्याकडं तर देवच कोंबडं, बकरं घेतो. सैतानाला कामच ठिवलं न्हाई.” हे म्हणताना ते किंचित हसले.

मंडळात पाच पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीला एक निबंध लिहायचा. आयुष्यात तुम्ही कुठं नाही म्हणालात, आणि जिथं म्हणायला हवं होतं तिथं का म्हणाला नाहीत. पहिला निबंध भाऊंनी कपाटाच्या किल्लीवर लिहिला. त्याचं इंग्रजी मी केलं. दीड पानच होतं, पण मला चार दिवस लागले. तिकडून त्यांच्या मार्गदर्शकाचं उत्तर आलं: ‘तुम्ही स्वतःला सूट दिलेली नाही. मान्य.’ एवढंच. भाऊंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. सुनंदाबाई गेल्यापासून सगळे त्यांना म्हणत होते, तुझा काही दोष नाही, विधिलिखित होतं. लांबच्या कुणा अनोळखी माणसानं पहिल्यांदा त्यांचं म्हणणं जसंच्या तसं घेतलं होतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

मी दापोडीची. रेल्वेलाइनच्या बाजूच्या गल्लीत वाढलेली. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव पवना नदीत सोडले होते. हे मी भाऊंना सांगितलं, कारण त्यांना धीर यावा असं वाटलं.

“एकट्यांनी सोडले?”

“नाही, अख्ख्या गल्लीनं. एकाच दिवशी.”

त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, “तुमची गोष्ट येगळी, ताई. तुमच्यात सगळी वस्ती बरूबर व्हती. सन व्हते, गानी व्हती. मी सोडले तवा शेजारच्या घरात आरती चालू व्हती.”

त्यांच्या मुलीचा, प्रणालीचा, साखरपुडा ठरला, त्याच्या आदल्या रविवारी मी कुरुळीला त्यांच्या घरी गेले होते. प्रणाली चिंचवडला एका ऑफिसात कामाला होती. मोकळी, बोलकी. बापाच्या स्वेटरची टर उडवणारी. मुलगा तिनंच पसंत केला होता, त्याच्या घरचेही तयार होते. ती मला साड्या दाखवत होती आणि भाऊ दारात उभे राहून बघत होते.

मागच्या खोलीत त्यांचा कोपरा होता. कवटी, रक्त, असलं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. एका फळीवर काळा रुमाल, त्यावर मंडळाची खूण छापलेला कागद. उभी रेघ आणि तिला छेदणारी आडवी रेघ, आडवी जरा खाली. शेजारी पाण्याचा पेला. तिकडं रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेपाच होतात, म्हणून भाऊ कंपनीची बस पकडायच्या आधी त्या फळीसमोर दहा मिनिटं सरळ उभे राहायचे. हात जोडायचे नाहीत. मग पेल्यातलं पाणी पिऊन बसला निघायचे.

पण त्या रविवारी त्या कागदावर हळदकुंकू होतं आणि पुढं झेंडूचं फूल. मी भाऊंकडे पाहिलं.

“आईचं काम,” ते म्हणाले.

हिराबाई, त्यांची आई, दारातच बसून शेंगा फोडत होती. म्हणाली, “सकाळच्या पारी उठून हुबा ऱ्हातो त्येच्यापुढं. म्हनलं, कोनता का देव असंना, उपाशी कशाला ठिवायचा.”

भाऊंनी फूल काढलं नाही. मी म्हटलं, मंडळाला चालतं का हे? तर म्हणाले, “न्हाई चालत. पन तिला काय सांगू? तिनं बी सुनंदासाठी नवस केला व्हता.”

साखरपुड्याला पाहुणे आले. पाहुण्यांतलाच कुणीतरी हात धुवायला मागं गेला आणि त्यानं त्या फळीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. ती खूण काय आहे हे कुणीतरी शोधून काढलं आणि खाली लिहिलं, ‘डोंगऱ्यांच्या घरात सैतान.’ नेमकी त्याच आठवड्यात शेजारच्या गोठ्यातली दोन वासरं मेली होती. मग कुणाचा गर्भ पडला होता, कुणाला नोकरीवरून काढलं होतं, सगळंच त्या फळीवर येऊन साठलं. लोक घरात शिरले. फळी उखडली, रुमाल अंगणात जाळला. हिराबाई मध्ये पडली, तिचा हात मुरगळला. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, अरे मी त्येला फूल वाह्यलंय, देवच हाय तो.

पोलीस चौकीत भाऊंना बोलावलं. मी बरोबर गेले, कारण कागद सगळे इंग्रजीत होते.

“नक्की कशाची पूजा करता?” साहेबांनी विचारलं.

“पूजा करत न्हाई, साहेब.”

“मग काय करता?”

“हुबा ऱ्हातो.”

“कशाला?”

भाऊंनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. “दिवसातून दहा मिन्टं तरी मानसानं कुनाला काय मागू नये म्हनून.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तत्त्वांचा मराठी कागद पुढं केला. त्यांनी तो वाचला, दोनदा उलटून पाहिला. बळी नाही, फसवणूक नाही, कुणाची तक्रार लिहून घ्यावी असं काहीच नाही. जादूटोण्याच्या कायद्यात बसेल असं त्या घरात काही सापडलं नव्हतं. शेवटी म्हणाले, “गुन्हा नाही काही. पण गावात राहायचंय ना? गावाबरोबर मिटवून घ्या.”

गावाची अट सोपी होती आणि मुलाकडच्यांचीही तीच. पुढच्या गुरुवारी मठात यायचं, सगळ्यांसमोर चूक कबूल करायची आणि महाराजांकडून शुद्ध होऊन जायचं. मग लग्नाला कुणाची हरकत नाही.

भाऊंनी मला मंडळाला पत्र लिहायला सांगितलं. मदत मागायची नाही, फक्त विचारायचं, असं त्यांनी बजावलं. मी लिहिलं: मुलीचं लग्न अडलं आहे. वाकलं तर होईल. काय करावं? दोन दिवसांनी उत्तर आलं. ते मी मराठीत करून त्यांच्यासमोर ठेवलं. ‘आडवा कुणाचं ओझं आपल्या पाठीवर घेत नाही. रक्ताचं नातं ही सगळ्यात जुनी बेडी आहे. तुम्ही जे कराल ते तुमचं.’

“बरूबर हाय,” भाऊ म्हणाले. “असंच असायला पायजे.” पण तो कागद त्यांनी आधीच्या कागदांसारखा खिशात ठेवला नाही. माझ्या टेबलावरच राहिला.

त्याच संध्याकाळी प्रणालीनं मला फोन केला. “मावशी, तुमचं ऐकतात ते. पाच मिनिटं डोकं टेकवायचंय फक्त. माझ्यासाठी नाही करणार?” मी ते भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “तुमी या गुरुवारी. कुनीतरी बघितलं पायजे.”

मी गेले. मठाचं आवार पत्र्यानं झाकलेलं होतं आणि आत दोनशे तरी माणसं असतील. पहिल्या रांगेत मुलाकडचे. प्रणाली आजीचा बांधलेला हात धरून बसलेली. भाऊ पांढरा शर्ट घालून आले होते, स्वेटर नव्हता. मी त्यांना स्वेटरशिवाय पहिल्यांदाच बघत होते. महाराज गादीवर. ज्या हातानं सुनंदाबाईंच्या गोळ्या बंद करायला लावल्या तोच हात त्यांनी पुढं केला. भाऊ गुडघ्यावर बसले. मग वाकले. कपाळ जमिनीला लागलं. महाराजांनी अंगारा लावला आणि तीनदा म्हणायला लावलं, चुकलो. ते तीनदा म्हणाले. आवाज बरोबर तेवढाच, जेवढा गेज रूममध्ये काढायचे.

तेवढ्यावर संपलं असतं. पण महाराजांनी समोरच्या माणसांकडे बघून सांगितलं, “ह्याची बायको आपल्या हातातून का गेली, ते आज कळलं. घरात हे पोसलं होतं ह्यानं.”

ते खोटं होतं. भाऊंना मंडळाचं नावसुद्धा सुनंदाबाई गेल्यावर वर्षभरानं कळलं. मला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत. कपाळावर अंगारा तसाच आणि नजर फरशीवर.

पुढचं मला त्यांनी सोमवारी सांगितलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर प्रणालीनं विचारलं, “आईच्या वेळी पण हे चालू होतं का?” नाही म्हटलं असतं तर ते खरंच होतं आणि तिथं थांबता आलं असतं. पण भाऊंनी तिला पूर्ण सांगितलं. तोपर्यंत तिला एवढंच माहीत होतं की गोळ्या लागू पडल्या नाहीत. आई मागत असताना बापानं गोळ्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात घालून कामावर गेला, हे तिला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.

“का सांगितलंत?” मी विचारलं.

“तिनं इचारलं.”

“तिनं ते नव्हतं विचारलं, भाऊ.”

“तेच इचारलं व्हतं, ताई. शब्द येगळे व्हते.”

प्रणाली रडली नाही, ओरडली नाही. कपडे भरले आणि मैत्रिणीकडे चिंचवडला गेली. मुलाकडच्यांनी आठवडाभरानं कळवलं की शुद्ध झालं ते ठीक आहे, पण चर्चा फार झाली आहे, जमणार नाही. पुढं तिनं हैदराबादला बदली मागून घेतली. बापाचा फोन ती उचलत नव्हती. आजीचा उचलायची, तोही पुढं कमी झाला.

त्याच सोमवारी भाऊंनी माझ्यापुढं अर्ध्या पानाचा मजकूर ठेवला. मंडळासाठी. ‘गुरुवारी मी मठात वाकलो. तीनदा चुकलो म्हणालो. तेव्हा मी चुकलो नव्हतो. जिथं चुकलो होतो ते कुणी विचारलं नाही.’

“हे कशाला कळवताय?” मी म्हटलं. “तिकडं कुणाला कळणार आहे?”

“मला म्हाईत हाय की.”

मी इंग्रजी करून पाठवलं. आजही वाटतं, पाठवलंच नसतं तर. पाठवलं असं सांगितलं असतं आणि गप्प बसले असते. उत्तर एका ओळीत आलं. नियमाप्रमाणे त्यांचं नाव पटावरून काढलं होतं. खाली मार्गदर्शकाची नेहमीची सहीसुद्धा नव्हती. कपाटाच्या किल्लीचा निबंध वाचून ‘मान्य’ लिहिणारा हाच माणूस होता की दुसरा कुणी, ते काही आम्हाला कळलं नाही.

कंपनीत त्यांना कुणी काही बोललं नाही. फक्त कँटीनमध्ये त्यांच्या बाकावर बसायचं माणसं टाळू लागली. मग साहेबांनी बोलावून सांगितलं, गेज रूममध्ये नवीन मशीन येतंय, आपोआप मोजणारं, तुम्ही स्टोअरला जा. स्टोअरमध्ये नटबोल्टच्या पेट्या आणि हातमोजे द्यायचे. ते गेले. तिथंही देताना हात पुसून द्यायचे. एकदा मी मुद्दाम जाऊन बसले. म्हटलं, सकाळी अजून उभे राहता का?

“आठ दिवस ऱ्हायलो. मग वाटलं, आडवा म्हनत आसंल, तू कोन? पटावर न्हाई, गावात न्हाई.” मग म्हणाले, “जाग मात्र साडेपाचलाच येती.”

हिवाळ्यात हिराबाई गेली. त्यानंतर भाऊंनी नोकरी सोडली आणि कुरुळीचं घर बंद केलं. कुठं गेले ते कुणी विचारलं नाही. मीही दोनदा फोन लावला, तो लागला नाही, मग राहून गेलं.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. चिंचवड स्टेशनावर, भर दुपारी. लोणावळ्याची लोकल यायची होती आणि फलाटावर पाच-सहाच माणसं होती. बाकावर बसलेला माणूस आधी मला ओळखू आला नाही. केसांना तेल नव्हतं. तळेगावच्या पुढं एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतात म्हणाले, तिथंच राहतात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, उजव्यातही सुरू होता.

“ऑपरेशन करून घ्या की.”

“करू,” ते म्हणाले. ते करणार नव्हते हे त्यांच्या सुरातच होतं.

गाडी सिग्नलला आली तेव्हा त्यांनी फोन काढला. “प्रणालीनं लग्न केलं, ताई. तिकडंच, कोर्टात. चुलत भावाच्या सुनंनं कुनीतरी काढलेला फोटो फिरवला, तो माझ्याकडं आला.” त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “मला नीट दिसंना. हसतीय का बघा.”

फोटो पाच-सहा जणांच्या फोनमधून फिरून आलेला, धुरकट. कसल्याशा ऑफिसच्या जिन्यावर चार माणसं. मधली प्रणाली असावी. गळ्यात हार, मान वळवून ती कुणाकडं तरी बघत होती. गालाची कड आणि कानातलं, एवढंच दिसत होतं. मी बोटांनी फोटो मोठा केला. तो नुसताच फुटला.

गाडी फलाटात शिरली.

“हो,” मी म्हटलं. “हसतेय.”

“चांगली हसतीय?”

“चांगली.”

त्यांनी मान हलवली, फोन घेतला आणि डब्यात चढले. डबा जवळजवळ रिकामा होता. ते खिडकीशी बसले आणि फोन डोळ्यांजवळ, अगदी पापण्यांना लागेल इतका जवळ धरून बघत राहिले. गाडी हलली तरी त्यांनी मान वर केली नाही.